देशाचे वय आणि घरातला फ्रिज

३१ मे २०२१ रोजी पेरूच्या सरकारने कोविडच्या मृत्यूंचा आकडा दुरुस्त केला. तोवर सरकारी नोंदीत ६९,३४२ मृत्यू होते. तज्ज्ञांच्या समितीने मृत्युपत्रे आणि तपासणी अहवाल पुन्हा पडताळले, कोविडचा मृत्यू कशाला म्हणायचे याची व्याख्या रुंदावली, आणि आकडा १,८०,७६४ झाला. जेमतेम सव्वातीन कोटी वस्तीचा हा दक्षिण अमेरिकी देश त्या दिवशी लोकसंख्येच्या मानाने जगात सर्वाधिक कोविड-मृत्यू नोंदवणारा देश ठरला.

असे का व्हावे, हे चटकन सांगता येत नाही. पेरू म्हाताऱ्यांचा देश नाही. तिथले साधारण निम्मे लोक तिशीच्या आतले आहेत. तो कंगालही नव्हता. २००४ साली तिथे शंभरातले जवळपास एकोणसाठ लोक दारिद्र्यरेषेखाली होते, २०१९ मध्ये ते प्रमाण वीसवर आले होते. अर्थतज्ज्ञ त्याचे नाव कौतुकाने घेत. सरकारही गाफील राहिले नव्हते. १६ मार्च २०२० पासून तिथे कडक टाळेबंदी होती, म्हणजे ब्रिटनच्या आठवडाभर आधी आणि भारताच्या नऊ दिवस आधी. तरुण लोकसंख्या, वाढती अर्थव्यवस्था आणि वेळेवर घेतलेला निर्णय, एवढे सगळे असून माणसे गेली. साथ कोणत्या देशाला किती झोडपेल हे कशावर ठरते, या प्रश्नाचे कोणतेही सोपे उत्तर पेरूपाशी येऊन अडते. म्हणून या प्रकरणात आपण पुन्हा पुन्हा तिथे जाणार आहोत.

सर्वांत भक्कम पुरावा वयाचा आहे, त्यापासून सुरुवात करू. लस येण्यापूर्वीच्या काळात पंचवीस वर्षांच्या दहा हजार लोकांना संसर्ग झाला, तर त्यातला साधारण एक दगावत असे. पंचावन्नाव्या वर्षी हजारात चार, पासष्टाव्या वर्षी हजारात चौदा, पंचाहत्तरीला शेकड्यात साडेचार आणि पंच्याऐंशीला शेकड्यात पंधरा. वयाच्या दर दशकागणिक धोका काही पटींनी वाढत जातो. दुसरा कोणताही घटक, मग तो मधुमेह असो, लठ्ठपणा असो की धूम्रपान, एकट्याने एवढी मोठी दरी पाडत नाही. त्यामुळे एखाद्या देशात म्हातारी माणसे किती, यावरून तिथे विषाणू मोकाट सुटला तर काय होईल याचा पहिला अंदाज बांधता येतो. नायजरमध्ये लोकसंख्येचे मध्यम वय पंधराच्या आसपास आहे, म्हणजे निम्मा देश त्याहून लहान. भारतात ते अठ्ठावीसच्या घरात, इटलीत सत्तेचाळीसच्या आणि जपानमध्ये त्याहूनही वर. फेब्रुवारी २०२०च्या उत्तरार्धात इटलीच्या लोंबार्डी प्रांतातील कोदोन्यो या छोट्या गावात पहिला स्थानिक रुग्ण सापडला. त्यानंतर महिन्याभरात त्या प्रांतात जे घडले त्यामागे वयाचे हे गणित होते.

पण वय म्हणजे नशीब नव्हे. जपान हा जगातला सर्वांत वृद्ध मोठा देश. साडेबारा कोटी लोकांतले जवळपास अठ्ठावीस टक्के पासष्टीच्या पुढचे. २०२१ संपेपर्यंत तिथे कोविडचे नोंदवलेले मृत्यू साडेअठरा हजारांच्या आत होते. सहा कोटींच्या इटलीत तेव्हा ते १ लाख ३७ हजारांवर गेले होते. जपानने कायद्याने सक्तीची टाळेबंदी केलीच नाही. तिथे होकेंजो नावाची सार्वजनिक आरोग्य केंद्रे आहेत, देशभरात साडेचारशेहून अधिक. त्यांचा पाया १९३७च्या कायद्याने घातला गेला आणि क्षयरोगाशी झुंजताना ती घडली. तिथल्या परिचारिकांना एक काम पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. रुग्ण सापडला की त्याच्यापासून पुढे कोणाला लागण झाली हे तर पाहायचेच, पण त्याला ती कुठून झाली हेही मागे जाऊन शोधायचे. त्यातून २०२०च्या सुरुवातीलाच बंद जागा, गर्दी आणि समोरासमोरचे बोलणे या तीन गोष्टी टाळा, असा साधा सल्ला लोकांपर्यंत पोचला. लोकांनीही तो पाळला. २०२२ मध्ये ओमिक्रॉन आल्यावर जपानमध्येही मृत्यू पुष्कळ वाढले, पण तोवर तिथल्या बहुतेक वृद्धांना लस मिळालेली होती. वृद्धांच्या देशाने वेळ मिळवला, आणि त्या वेळेतच असंख्य जीव वाचले.

जपानच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे वजन. तिथे लठ्ठ प्रौढ शंभरात चार-पाच, तर अमेरिकेत चाळीसहून अधिक. लठ्ठपणा, मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांना कोविड जड गेला याबद्दल वाद नाही. मेक्सिकोतही तरुण वयात मृत्यू झाले त्यात याचा मोठा वाटा आहे.

इथे थोडे थांबून सावध व्हायला हवे. दोनशे देशांचे आकडे एका तक्त्यात मांडले की कशाचाही कशाशी संबंध जोडता येतो. २०२०च्या उन्हाळ्यात बीसीजीचे असेच झाले. ज्या देशांत जन्मतःच बीसीजीची लस टोचतात तिथे कोविडचे मृत्यू कमी दिसत होते. आपल्या दंडावरचा तो जुना वण आपल्याला वाचवतो आहे, अशी आशा भारतातही अनेकांना वाटू लागली. पुढे आरोग्य कर्मचाऱ्यांवर रीतसर चाचण्या झाल्या, तेव्हा त्या लशीने कोविडपासून संरक्षण मिळते असे काही दिसले नाही. बीसीजी देणारे देश बहुतांशी गरीब आणि तरुण, न देणारे श्रीमंत आणि वृद्ध. फरक वयाचा होता, श्रेय लशीला मिळत होते. देशाच्या सरासरीवरून माणसाबद्दल निष्कर्ष काढताना अशी फसगत फार लवकर होते.

याहून मोठी फसगत पैशाची आहे. पहिल्या दोन वर्षांतले नोंदवलेले मृत्यू आणि दरडोई उत्पन्न शेजारी ठेवले, तर चक्क असे दिसते की देश जितका श्रीमंत तितके मृत्यू जास्त. यात वयाचा भाग आहेच. विमानप्रवासामुळे विषाणू आधी श्रीमंत शहरांत उतरला, हाही आहे. पण तिसरे कारण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. मृत्यू मोजण्यासाठी देशाकडे पैसा आणि यंत्रणा लागते. चाचणी हवी, डॉक्टर हवा, मृत्यूचे कारण लिहिलेला कागद हवा. हे नसेल तर माणूस जातो, पण आकडा वाढत नाही.

झांबियाची राजधानी लुसाका इथल्या विद्यापीठ रुग्णालयाच्या शवागारात २०२०च्या जून ते सप्टेंबरमध्ये संशोधकांनी एक साधे काम केले. तिथे आणलेल्या मृतदेहांच्या नाकातून नमुने घेतले आणि तपासले. ३६४ देहांपैकी ५८ मध्ये विषाणू स्पष्ट सापडला, बारीक खूण धरली तर ७० मध्ये. म्हणजे पाच-सहा मृतांत एक. यांतले बहुतेक जण रुग्णालयात पोचलेच नव्हते, घरीच गेले होते. आणि घरी गेलेल्यांपैकी एकाचीही जिवंतपणी कोविडची तपासणी झालेली नव्हती. आफ्रिका कोविडमधून सुटली कशी, यावर त्या काळात जगभर लेख लिहिले जात होते. आफ्रिकेतली लोकसंख्या तरुण आहे, त्यामुळे मृत्यू कमी झाले हे खरेच. पण किती कमी, हे सांगायला लुसाकासारखी तपासणी फार थोड्या ठिकाणी झाली.

वयाचा हिशेब वजा करून मग देशांची तुलना केली की चित्र उलटते. विकसनशील देशांत झालेल्या रक्ततपासण्यांचा आढावा घेतल्यावर दिसले की, एकाच वयाच्या दोन माणसांना संसर्ग झाला तर गरीब देशातल्या माणसाच्या मृत्यूची शक्यता श्रीमंत देशातल्या माणसाच्या साधारण दुप्पट होती. तरुण असण्याने गरीब देशांना जे दिले, त्यातले बरेचसे गरिबीने काढून घेतले.

ते कसे, हे पाहायला पेरूतल्या घरात शिरावे लागते.

२०१७च्या जनगणनेनुसार पेरूत निम्म्याहून कमी घरांत फ्रिज होता. शहरांतही शंभरातल्या साठेक घरांत. ज्या घरात फ्रिज नाही त्या घराला आठवड्याचा बाजार एकदम भरता येत नाही. मासळी, मटण, दूध, भाजी रोज किंवा एक दिवसाआड आणावी लागते. सरकार सांगत होते घरी थांबा, आणि लिमातले लोक बाजारात जात होते, कारण त्यांच्या स्वयंपाकघराला दुसरा पर्याय नव्हता. गर्दी कमी व्हावी म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला सरकारने पुरुषांना सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि बायकांना मंगळवार, गुरुवार, शनिवार असे बाहेर पडायचे वार वाटून दिले. घरचा बाजार कोण करते, हे बहुधा कोणी विचारलेच नाही. बायकांच्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा उरेना, आणि आठवडाभरात तो नियम मागे घ्यावा लागला.

दुसरी गोष्ट कामाची. पेरूत दहांतले सात कामगार असंघटित होते. ना पगारपत्रक, ना रजा, ना विमा. हातावर पोट असलेल्या माणसाला टाळेबंदी दोन आठवडे पेलवते, तीन महिने नाही. सरकारने मदत म्हणून कुटुंबामागे ३८० सोल जाहीर केले. पण निम्म्याहून अधिक प्रौढांचे बँकेत खातेच नव्हते. पैसे घ्यायला माणसे बँकांसमोर तासन्‌तास रांगेत उभी राहिली. संसर्गापासून वाचवण्यासाठी दिलेली मदत घ्यायची तर गर्दीत उभे राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. एप्रिलमध्ये लिमात मजुरी करणारी हजारो कुटुंबे पोरेबाळे, वळकट्या घेऊन डोंगरातल्या आपल्या गावांकडे पायी निघाली. त्याच सुमारास मुंबई-नाशिक महामार्गावर आपण काय पाहत होतो, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

तिसरी गोष्ट प्राणवायूची. पेरूत रुग्णालयांना पुरवायचा ऑक्सिजन ९९ टक्के शुद्ध असलाच पाहिजे असा नियम होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ९३ टक्के शुद्धता उपचारांना पुरते, आणि तेवढा ऑक्सिजन रुग्णालयाच्या आवारातल्या छोट्या यंत्रावर तयार होतो. पण नियमामुळे सगळी मदार मोजक्या मोठ्या कंपन्यांवर राहिली. जून २०२० मध्ये नियम सैल झाला, तोवर ॲमेझॉनच्या काठच्या इकितोस शहरात लोक सिलिंडरसाठी घरदार गहाण टाकण्याच्या पाळीला आले होते. देशाचे उत्पन्न वाढले होते, पण आरोग्यावरचा खर्च त्या वेगाने वाढला नव्हता. सरासरी उत्पन्न हा आकडा यातले काहीच दाखवत नाही. घरात फ्रिज आहे का, खाते आहे का, एका खोलीत किती जण झोपतात, सिलिंडर कुठून येतो, हे प्रश्न दारिद्र्यरेषेच्या वर आलेल्या कुटुंबालाही लागू होते. पेरूत कोट्यवधी लोक त्या रेषेच्या वर आले खरे, पण जेमतेम वर आले.

हे फक्त कोविडचे वैशिष्ट्य नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या इन्फ्लुएंझाचे आकडे याहून स्पष्ट बोलतात. १९१८ ते १९२० या काळातल्या मृत्युनोंदींचा अभ्यास करून २००६ साली संशोधकांनी दाखवले की, डेन्मार्कमध्ये त्या साथीने लोकसंख्येच्या ०.२ टक्के माणसे नेली, तर मध्य प्रांत आणि वऱ्हाडात ७.८ टक्के. जवळपास चाळीस पट. दोन्हीकडे विषाणू तोच, औषध दोन्हीकडे नाही. दरडोई उत्पन्न दहा टक्क्यांनी जास्त असलेल्या ठिकाणी मृत्यू नऊ-दहा टक्क्यांनी कमी, असा संबंध त्यांना आढळला. नागपूर आणि विदर्भाच्या ज्या गावांतून आज आपण जातो, तिथे त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महाग झाले होते आणि उपाशी शरीरांत ताप शिरला होता. त्या साथीत म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाची माणसे अधिक गेली, आणि भारतात त्यातही बायका जास्त. घरातले सगळे आजारी असताना सेवा करणारी आणि शेवटी उरले तर खाणारी बाईच होती. १९११ ते १९२१ हे भारताच्या जनगणनेतले एकमेव दशक, ज्यात लोकसंख्या घटली.

मुंबईत तर हे शहराच्या आतच मोजता येते. १० जून १९१८ रोजी पोलिसांतले सात शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले, त्यांतला एक गोदीवर नेमलेला होता. ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ माणसे मेली. आरोग्य खात्याने त्या काळच्या रिवाजानुसार मृत्यू जातिधर्मवार मांडले. युरोपीय लोकांत दर हजारी ८.३ मृत्यू, पारशांत ९, इतर हिंदूंत १८.९ आणि ज्यांना तेव्हा खालच्या जातीचे म्हटले जाई त्या हिंदूंत ६१.६. एकाच शहरात, एकाच हवेत, सातपट फरक. तो जातीच्या रक्तातून आलेला नव्हता. चाळीतली खोली, नळ, अन्न आणि सेवेला मोकळे असलेले माणूस यांच्या वाटणीतून आला होता. भारतातल्या साथींचा इतिहास शाळेत शिकवला जाईल, तेव्हा हे चार आकडे पुस्तकात असायलाच हवेत असे मला वाटते.

आता शंभर वर्षे पुढे, त्याच शहरात. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत सुमारे सात हजार लोकांचे रक्त तपासले गेले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला होता, इमारतींत १६ टक्क्यांना. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात जण आणि शंभर कुटुंबांमागे काही मोजकी सार्वजनिक शौचालये, तिथे अंतर राखणार कसे? पण नोंदवलेल्या मृत्यूंशी ताडून पाहिल्यावर दिसले की, संसर्ग झालेल्यांमागे मृत्यूचे प्रमाण इमारतींपेक्षा वस्त्यांत कमी आहे. याचे एक कारण पुन्हा वयाचे. वस्त्यांत कमावत्या वयाची माणसे जास्त, म्हातारी माणसे गावी. विषाणूपर्यंत माणसाला नेले ते गरिबीने, आणि मरणापासून पुष्कळांना दूर ठेवले ते तारुण्याने. दोन्ही घटक एकाच वेळी उलट दिशांनी ओढत होते. म्हणूनच एकेका घटकावर बोट ठेवून केलेली विधाने टिकत नाहीत.

मग जाणकारांचा अंदाज काय होता? ऑक्टोबर २०१९ मध्ये, साथीच्या जेमतेम दोन महिने आधी, साथीला तोंड द्यायला कोणता देश किती सज्ज आहे याची जागतिक क्रमवारी प्रसिद्ध झाली. पहिला क्रमांक अमेरिकेचा, दुसरा ब्रिटनचा. प्रयोगशाळा, कायदे, साठे, तज्ज्ञ या निकषांवर तो चुकीचाही नव्हता. पण २०२२ मध्ये १७७ देशांच्या आकडेवारीचा मोठा अभ्यास झाला, तेव्हा या सज्जतेच्या गुणांचा आणि प्रत्यक्ष संसर्गाचा काही संबंध लागला नाही. संसर्ग झाल्यावर मरण्याच्या प्रमाणातला जवळपास निम्मा फरक लोकसंख्येच्या वयाने समजावला. आणि संसर्ग किती झाला याच्याशी ज्या थोड्या गोष्टी ठळकपणे जुळल्या, त्या होत्या लोकांचा सरकारवरचा विश्वास आणि त्याहून जास्त, लोकांचा एकमेकांवरचा विश्वास. सगळ्या देशांत माणसांचा एकमेकांवर डेन्मार्कइतका विश्वास असता तर जगातले संसर्ग ४० टक्क्यांनी कमी झाले असते, असा त्या अभ्यासाचा अंदाज आहे. तो कार्यकारणाचा पक्का पुरावा नाही आणि लेखकांनीही तसे म्हटलेले नाही. पण युरोपीय संघात सर्वांत कमी लसीकरण झालेल्या बल्गेरियात लशी फुकट आणि मुबलक होत्या, घेणारे नव्हते. जादा मृत्यूंच्या, म्हणजे एरवीपेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंच्या, यादीत तो देश वर राहिला, हे लक्षात घेतले की विश्वास हा शब्द हवेतला वाटत नाही.

विश्वासाचा एक भाग म्हणजे सरकारने मृत्यू खरे मोजले का, हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० आणि २०२१ मध्ये जगात १ कोटी ४९ लाख जादा मृत्यू झाले. त्यांतले ४७ लाख भारतात. सरकारी नोंदीत तेव्हा ४ लाख ८१ हजार होते. भारत सरकारने ही पद्धतच अमान्य केली. या वादाचा निकाल मी इथे लावत नाही, पण आपल्याच नोंदणी खात्याचे आकडे पाहता येतात. २०२० मध्ये देशात ८१ लाख मृत्यू नोंदवले गेले, २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात २१ लाखांची वाढ. २०२१च्या नोंदींपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू चौथ्या हिश्श्याहूनही कमी. उरलेल्यांनी कशाने जीव सोडला, ते कागदावर नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोविडने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये देण्याच्या योजनेला मान्यता दिली, आणि ही मदत मोजणीचे एक वेगळेच साधन ठरली. जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्राच्या अधिकृत यादीत १ लाख ४१ हजार मृत्यू होते, अर्ज आले २ लाखांहून अधिक. गुजरातची अधिकृत संख्या १० हजारांच्या आसपास, अर्ज जवळपास ९० हजार. काही अर्ज दुबार असतील, काही नामंजूर झाले. तरी आरोग्य खात्यांनी जे नोंदवले नाही ते वारसांनी तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयांत जाऊन नोंदवले. मदत मिळण्यासाठी चाचणीचा अहवाल किंवा रुग्णालयाचे कागद लागत, आणि मृत्यू चाचणीपासून तीस दिवसांच्या आत झालेला असावा लागे. ज्यांच्याकडे कागद अपुरे होते त्यांच्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत समित्या नेमल्या गेल्या. चाचणी ज्यांच्या गावापर्यंत पोचलीच नाही, त्यांच्या घरच्यांकडे समितीपुढे ठेवायला काहीच नव्हते, आणि ते सरकारी यादीत जसे आले नाहीत तसे या अर्जांतही आले नाहीत.